मैदानाचं नाव कुणाच्या मालकीचं?

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचं सेंट जेम्स पार्क हे मैदान भर शहरात, उंचवट्यावर आहे. तिथे १८८० पासून फुटबॉल खेळला जातो आणि १८९२ पासून ते न्यूकॅसल युनायटेड या क्लबचं घर आहे. सुमारे ५२,००० माणसं बसतात. एका गोलमागच्या स्टँडला गॅलोगेट म्हणतात, कारण त्या बाजूला पूर्वी गुन्हेगारांना फासावर चढवत; इंग्रजीत गॅलोज म्हणजे फाशीचा खांब. तिथल्या नावांत असं गाव मुरलेलं आहे. हे आधी सांगतोय, कारण त्याशिवाय नोव्हेंबर २०११ मध्ये लोक एवढे का पेटले ते कळणार नाही.

त्या महिन्यात क्लबने जाहीर केलं की मैदानाचं नाव आता स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना. ही खेळाचं सामान विकणारी दुकानांची साखळी, आणि क्लबचे मालक माइक अॅशली हेच तिचे संस्थापक. क्लबचं म्हणणं असं की जुनं नाव प्रायोजकांना खेचत नाही; जागा जाहिरातीला मोकळी आहे हे बाजाराला दिसावं, म्हणून तूर्तास हे नाव. शंभराहून जास्त वर्षांचं नाव उतरवलं, ते नमुना दाखवायला!

चाहत्यांना पैशाचं वावडं होतं, असं समजू नका. खेळाडू फुकट येत नाहीत हे त्यांना कुणी शिकवायला नको. छातीवर बिअरचं चिन्ह, पुढे नॉर्दर्न रॉक बँकेचं नाव त्यांनी वर्षानुवर्षं मिरवलं होतं. पण शर्ट जुना होतो, दुसरा येतो. मैदानाचं नाव आजोबांच्या तोंडून नातवाकडे येतं. ते देताना कुणी पावती फाडत नाही, म्हणून ते आपलं वाटतं. आणि जे आपलं वाटतं ते न विचारता उचललं की माणूस चिडतो.

स्टँडवरची जुनी अक्षरं काढल्यावर कुणीतरी भिंतीवर रंगाने जुनं नाव लिहून टाकलं. महापालिकेने रस्त्यावरच्या पाट्या बदलायला नकार दिला. शेजारचं मेट्रो स्टेशन सेंट जेम्सच राहिलं. बोलण्यात तर नवं नाव रुजलंच नाही. आपल्या पुण्याजवळच्या गहुंज्याच्या क्रिकेट मैदानाचंही तसंच झालं: प्रायोजकाने पैसे भरले नाहीत म्हणून २०१३ मध्ये मैदानावरचं त्या प्रायोजकाचं नाव झाकलं गेलं, पण पुणेकर आधीपासून गहुंजेच म्हणत होते.

मला जास्त अस्वस्थ करतं ते पुढचं वर्ष. ऑक्टोबर २०१२ मध्ये वोंगा नावाच्या कंपनीने शर्टाचं प्रायोजकत्व घेतलं, मैदानाच्या नावाचे हक्कही घेतले आणि सेंट जेम्स पार्क हे नाव परत दिलं. चाहत्यांना हवं ते मिळालं. पण कुणाच्या हातून? वोंगा ही पगार होईपर्यंत उसने पैसे देणारी कंपनी. तिचा जाहीर वार्षिक व्याजदर ४,००० टक्क्यांच्या वर. महिनाअखेर ज्यांना अशा कर्जाच्या दारात जावं लागतं, ती माणसं त्याच शहरात राहत होती, त्याच स्टँडमध्ये बसत होती. महापालिकेतले नेते निक फोर्ब्स यांनी कडक शब्दांत निषेध केला. पुढच्या वर्षी संघाचा मुस्लिम खेळाडू पापिस सिसे याने, व्याजाचा धंदा धर्मात बसत नाही म्हणून, वोंगाचं नाव असलेला शर्ट घालायला आधी नकार दिला, नंतर तडजोड झाली. त्या वेळी आनंद अर्धाच मानणारे चाहते मला बरोबर वाटतात. आपलीच वस्तू आपल्याला बक्षीस म्हणून मिळत होती. २०१८ मध्ये वोंगा बुडाली.

जर्मनीतल्या न्यूर्नबर्गमध्ये हे वेगळ्या वाटेने गेलं. चाहत्यांनी वर्गणी काढली, एका बँकेने मोठी रक्कम घातली आणि २०१७ मध्ये मैदानाला माक्स मोरलॉक यांचं नाव लागलं. हा न्यूर्नबर्गच्याच क्लबचा खेळाडू, १९५४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला. पैसा तिथेही आलाच. पण कुणाचं नाव लावायचं, यात माणसांचा हात होता.

न्यूकॅसलमध्ये नाव परत आलं तरी स्पोर्ट्स डायरेक्टच्या पाट्या स्टँडवर तशाच होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्लब विकला गेला, आणि डिसेंबरात माणसं शिड्या लावून वर चढली आणि एकेक पाटी खाली उतरवू लागली.