मागची वीस पानं

नमस्कार. विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी विचारलं, "प्रेमकथांवर तासभर बोलण्यासारखं काय आहे?" ते आज पुढच्याच रांगेत बसलेत, त्यांचं मनापासून स्वागत. या पावसाळ्यात मी तीन जुन्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या. त्यांच्याबद्दल आडपडदा न ठेवता बोलायचंय. पण आधी माझ्या आत्याबद्दल.

आत्या दुपारी झाकपाक करून वाचायला बसायची. वाचनालयातून आणायची ती प्रेमकथाच. एकदा चारचौघांत एका गृहस्थांनी तिला ऐकवलं, "बाई, आता जरा चांगलं काही वाचा." हातातलं पुस्तक तिथंच ठेवून ती घरी आली, पुन्हा त्या पायऱ्या चढली नाही. मग तिची चिठ्ठी घेऊन मी जायला लागलो, तेव्हा नववीत होतो. मला त्याचा आजही संताप येतो. शेजारचंच कपाट रहस्यकथांचं होतं. रोज एक खून घरी नेणाऱ्या पुरुषांना कधी कोणी हटकलं नाही!

आत्या आधी मागची वीस पानं वाचायची. म्हणायची, "लग्न होणार ते ठाऊक आहे रे. चुकलेला माणूस चूक कबूल कशी करतो, ते बघते." तिथं घाई दिसली की पुस्तक परत. बरीच परत जायची. नायकाला अपघात व्हायचा, नायिका दवाखान्यात धावायची, की झालं गोड. आत्या चिडायची, "पाय मोडला म्हणजे माफी मागून झाली का?" प्रेमकथा जोखायला याहून चांगली कसोटी मला अजून सापडलेली नाही.

दहाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. भरभर सांगतो.

जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस', 1813. डार्सी मागणी घालतो, तीही एलिझाबेथच्या घरच्यांना कमी लेखत. नकारानंतर पत्र लिहितो, त्यात खुलासेच जास्त. पण तिची धाकटी बहीण पळून जाते, तेव्हा तो पदरचे पैसे भरून तिचं लग्न लावतो आणि एलिझाबेथला कळू नये म्हणून झटतो. आत्यानं हे पुस्तक ठेवून घेतलं असतं.

शार्लट ब्राँटीची 'जेन एअर', 1847. वारशाचे वीस हजार पौंड तीन भावंडांबरोबर सारखे वाटून घेणारी जेन मला फार आवडते. शेवट मात्र पटत नाही. पहिली बायको जिवंत असल्याचं लपवून रॉचेस्टर तिच्याशी लग्नाला उभा राहिला होता. पुढे आगीत त्याची दृष्टी आणि एक हात जातो. तो चूक कबूल करतो, पण जेनपेक्षा देवापुढे जास्त. पाय मोडला, तसंच हे!

आणि 'पर्सुएशन'. ही ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, 1817च्या अखेरीस आली. नायिका अ‍ॅननं आठ वर्षांपूर्वी, दुसऱ्यांच्या सांगण्यावरून, वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडलेलं असतं. ऑस्टिननं जुलै 1816मध्ये शेवट लिहिला होता. त्यात अ‍ॅडमिरलच्या घरी अ‍ॅन आणि वेंटवर्थची गाठ पडते आणि चटकन उलगडा होतो. ऑस्टिनला तो फिका वाटला. तब्येत खालावत असताना, तीनेक आठवड्यांत तिनं तो नव्यानं लिहिला. आता वेंटवर्थ टेबलाशी लिहीत बसलाय, बाया किती निष्ठेनं प्रेम करतात यावर अ‍ॅन दुसऱ्याच कोणाशी बोलतेय, आणि ते कानावर पडताच तो तिला पत्र लिहितो. आठ वर्षं मनात अढी धरली, अन्याय केला असेन, हे त्यात मान्य करतो. मागे पडलेल्या मजकुराचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचा, मला काय म्हणायचंय ते...

घंटा झाली. मराठी कादंबऱ्या राहिल्याच. चहाच्या वेळी मला गाठा.