चोप: राजापुढे चालणारी काठी

वडोदऱ्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यातील दरबार हॉल पाहताना गादी कोठे असे, हा प्रश्न मनात प्रथम येतो. परंतु मराठी दरबारात राजाच्या आगमनाची वर्दी देणारी वस्तू गादीच्याही पुढे चालत असे. ती वस्तू म्हणजे चोप, अर्थात चांदीच्या किंवा सोन्याच्या पत्र्याने मढवलेला उंच दंड. सत्तेचे हे चिन्ह राजा स्वतः हाती घेत नसे. ते चोपदाराच्या हाती असे, आणि भालदारांसह तो ललकारी देत पुढे निघाला की सभा उठून उभी राहत असे.

हा शब्द फारसी 'चोब' या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ केवळ 'लाकूड' एवढाच आहे. 'चोबदार' म्हणजे काठी धारण करणारा. मराठी उच्चारात 'ब'चा 'प' झाला. काढ्यात पडणारी चोपचिनी हीदेखील याच घराण्यातील, म्हणजे 'चिनी लाकूड'. आपली 'काठी'सुद्धा 'काष्ठ' या शब्दातूनच आली आहे, त्यामुळे वरून चांदी कितीही चढवली तरी दोन्ही भाषांनी नावात लाकूडच ठेवले.

संस्कृतात या सेवकाला 'वेत्रधर' म्हणत, कारण त्याच्या हाती वेताची काठी असे. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात वृद्ध कंचुकी, म्हणजे अंतःपुराचा सेवक, म्हणतो, की जी वेत्रयष्टी मी रिवाज म्हणून हाती घेतली, तीच आता डळमळत्या पावलांना आधार झाली आहे. राजदंडाविषयी याहून मार्मिक काही क्वचितच लिहिले गेले असेल.

काठी कोणाच्या हाती आहे, यावर तिचा अर्थ ठरतो. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात महाराजा सयाजीराव गायकवाड साध्या वेषात, हाती छडी घेऊन पंचम जॉर्जसमोर गेले, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यात अवमान पाहिला.

१९४९ मध्ये बडोदा संस्थान विलीन झाले. चोपदार मात्र मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींपुढे आजही चालतात, आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातही त्यांना मान आहे. तेथे मुक्कामावर होणाऱ्या सामूहिक आरतीच्या, म्हणजे समाज आरतीच्या, वेळी चोप उंचावला की सर्व दिंड्यांनी शांत व्हायचे असते. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने मात्र टाळ वाजवत राहायचे, आणि चोपदाराने स्वतः तिच्याकडे जाऊन ती ऐकून घ्यायची, असा तेथील दंडक आहे.