लायसिन : मसुरीच्या आमटीपासून जनुकापर्यंत

मित्रहो, आपल्या शरीरातली प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतलं एकच मी आज निवडलंय, लायसिन. बेळगावच्या माणसाला ते ताटातच दाखवता येतं म्हणून.

अमिनो आम्लाला एका बाजूला अमिनो गट असतो, दुसऱ्या बाजूला आम्लगट. एकाचा आम्लगट दुसऱ्याच्या अमिनो गटाशी जुळतो, पाण्याचा रेणू बाहेर पडतो, आणि साखळी वाढत जाते. लायसिनला मात्र चार कार्बनच्या शेपटीच्या टोकाला आणखी एक अमिनो गट असतो. साखळीत गुंफल्यावरही तो मोकळाच राहतो, आणि पेशीत त्यावर धनभार असतो. हे टोक लक्षात ठेवा.

लायसिन आपलं शरीर बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. अथणी-सौंदत्तीकडच्या ज्वारीतल्या प्रथिनाचा मोठा भाग काफिरिन नावाचा, आणि त्यात लायसिन जवळजवळ नसतंच. येळ्ळूर-वडगावच्या शिवारातल्या बारीक मसुरीत ते भरपूर असतं. मसुरीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ती उणीव काही अंशी भाकरी भरून काढते. दोन्ही एकाच घासात हवेत असंही नाही, दिवसभरात पोटात गेले तरी पुरतं. भाकरी-आमटीला हलकं जेवण म्हणणारे मला मुळीच पटत नाहीत.

आता कुंदा, म्हणजे दूध आटवून, साखर-दही घालून केलेली आपली बेळगावची मिठाई. लायसिन पहिल्यांदा वेगळं केलं ते एडमुंड ड्रेक्सेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं, 1889 साली, दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनातूनच. दूध आटत जातं तसं हे मोकळं टोक दुधातल्या लॅक्टोज या साखरेला चिकटतं. आपण घातलेली साखर मात्र तशीच्या तशी चिकटू शकत नाही. आधी तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज व्हावं लागतं. दह्याचा आंबटपणा आणि उष्णता यांनी थोडी साखर तशी फुटते. मग एकामागून एक अभिक्रिया होत तो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. 1912 साली लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं या अभिक्रियेचं वर्णन केलं. असं अडकलेलं लायसिन शरीराला मिळत नाही. कुंदा आनंदानं खा, लायसिनसाठी मसूर खा.

लायसिन कुठे बसवायचं हे डीएनए ठरवतो. त्याची लिपी तीन-तीन अक्षरांची. तिची जी प्रत आरएनए नावाच्या रेणूत उतरते, तीत ए-ए-ए किंवा ए-ए-जी आलं की लायसिन. ही लिपी उलगडण्याच्या कामासाठी हरगोविंद खोराना यांना 1968 साली आणखी दोघांसह नोबेल मिळालं.

आणि मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. आपल्या एका पेशीतला डीएनए उलगडला तर सुमारे दोन मीटर भरेल. त्याच्या कण्यातल्या फॉस्फेट गटांवर ऋणभार असतो. तो ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांत लायसिन आणि आर्जिनिन हे तसंच धनभाराचं अमिनो आम्ल ठासून भरलेलं असतं. धनभार ऋणभाराला धरून ठेवतो. हिस्टोनच्या लायसिनवर ॲसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट बसला, की तिथला धनभार जातो, पकड सैल होते, आणि तिथलं जनुक वाचायला पेशीला वाट मिळते.