नवं इमान मी कधी दखंच नही

(अमळनेर इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टेबलावर जे विमान ठेवलंय ते मागच्या रांगेतून दिसत नसणार, मला कल्पना आहे. पण त्यात माझा दोष कमी. मूळ विमानच लहान होतं. नॅट, आपल्या हवाई दलाचं एका आसनाचं लढाऊ विमान. लांबी 8.74 मीटर, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 6.73 मीटर. मॉडेल 1:48 प्रमाणातलं, म्हणून त्याला 48 ने भागा. लांबी येते अठरा सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर, पंख चौदा सेंटिमीटर. म्हणजे बामणोदचं भरताचं वांगं याच्या शेजारी ठेवलं तर लोक आधी वांग्याकडेच बघतील.

हे मॉडेल करायला मला चौदा महिने लागले. त्यातले साडेपाच महिने फुकट गेले, ते कसे हेही सांगतो. पण आधी आप्पा.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. बोरीकाठच्या आमच्या गावातून हवाई दलात गेलेला पहिला माणूस. गावाला त्या वेळी वाटायचं की हवाई दलात गेला म्हणजे विमान उडवणार. आप्पा एअरमन होते, एअरफ्रेम फिटर. इंजिन सोडून विमानाचा जो काही सांगाडा, पत्रा, चाकं, हायड्रॉलिकच्या नळ्या, झाकणं, ते सगळं त्यांच्या ट्रेडकडे. 1971 च्या हिवाळ्यात ते पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंड्याच्या हवाई तळावर होते. मी नऊ वर्षांचा. घरी एपीओचा, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा, पत्ता असलेली आंतर्देशीय पत्रं यायची आणि त्यात काहीही नसायचं. मी ठीक आहे, कपाशीला भाव काय, दादाला सांगणे की विहिरीचं बघ. माझी आजी ते पत्र तीन-तीनदा वाचून घ्यायची, जणू चौथ्यांदा वाचलं की त्यातून तोफेचा आवाज येईल.

22 नोव्हेंबर 1971 ला पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आताच्या बांगलादेशच्या, सीमेवर बोयऱ्याला हवेत चकमक झाली. युद्ध रीतसर जाहीर व्हायला अजून अकरा दिवस होते. कोलकात्याच्या डमडमहून चार नॅट उठली, समोर पाकिस्तानची सेबर जेट. दोन सेबर पडली, तिसऱ्याचं नुकसान झालं, आपली चारही परत आली. उडी मारून खाली आलेले दोन पाकिस्तानी वैमानिक पकडले गेले. त्यातले एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. ही बातमी आमच्या गावात पोचेपर्यंत तिचा आकार बदलला होता. बाजाराच्या दिवशी लोक सांगायचे, आपल्या आप्पानं सेबर पाडलं. पुढे 72 साली ते रजेवर आले तेव्हा दुष्काळ पडला होता, गाव खडी फोडायला जात होतं, तरी एक म्हातारा हार घेऊन आला. आप्पा म्हणाले, "सेबर मी पाडं नही भो. मी पेच आवळात." हार त्यांनी मारुतीला घातला.

आता नॅटबद्दल थोडं, कारण हे विमान समजल्याशिवाय माझी चूक समजणार नाही. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या इंग्रज अभियंत्यानं ते काढलं. याच माणसानं दुसऱ्या महायुद्धातलं लायसँडर आणि नंतरचं कॅनबेरा बॉम्बर काढलं होतं. त्याचं म्हणणं असं, की लढाऊ विमानं दर वर्षी जड आणि महाग होत चाललीत, आपण उलट जाऊ. नॅट पहिल्यांदा उडालं जुलै 1955 मध्ये. गंमत म्हणजे ब्रिटनच्या स्वतःच्या हवाई दलानं एक-आसनी लढाऊ नॅट घेतलंच नाही. त्यांनी घेतलं दोन-आसनी, शिकाऊ वैमानिकांसाठी. लढाऊ नॅट फिनलंडनं तेरा घेतली, युगोस्लाव्हियानं दोन, आणि आपण मात्र 1956 मध्ये परवानाच घेतला आणि बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये बनवायला लागलो. रिकाम्या विमानाचं वजन सव्वादोन टनांच्या आत. सेबर रिकामं असताना याच्या दुपटीहून जास्त. दोन्ही बाजूंना हवा आत घ्यायची जी तोंडं आहेत, त्यांच्या बाजूला 30 मिलिमीटरची एकेक तोफ. आणि एक युक्ती मला फार आवडते: वेग कमी करायला वेगळे हवाई ब्रेक लावलेच नाहीत, चाकांची दारंच थोडी उघडायची, तीच ब्रेक. आमच्याकडे एकाच दोरीनं बैलही बांधतात आणि बादलीही काढतात, त्यातला प्रकार.

तर चूक. मी रेल्वेतून निवृत्त झालो, भुसावळचं क्वार्टर सोडलं, आणि मुलानं परदेशातून एक खोका आणला, प्लॅस्टिकचे भाग जोडून मॉडेल करायचं किट. वर लाल रंगाची सुंदर विमानं. नॅट! ब्रिटनच्या रेड अ‍ॅरोज पथकाची. 1965 ते 79 ते पथक याच विमानांवर कसरती करायचं. मी हरखलो. म्हटलं, लाल रंग काय, हिरवा मारू, मागची सीट झाकून टाकू. साडेपाच महिने मी त्या प्लॅस्टिकवर पॉलिश पेपर घासला. मागचं कॉकपिट पुट्टीनं बुजवलं, पाठ खाली उतरवली. मग एका रात्री फूटपट्टी घेऊन बसलो, जे खरं तर पहिल्या रात्री करायचं असतं. शिकाऊ नॅट 9.68 मीटर लांब. लढाऊपेक्षा जवळजवळ एक मीटर जास्त. पंखाचं क्षेत्रफळही अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास जास्त. ते वेगळंच विमान आहे हो, आडनाव सारखं एवढंच. चुलतभावाचा चेहरा तासून सख्खा भाऊ करता येत नाही. तो खोका आता नातवाकडे आहे, विमान लाल आहे आणि ते फारच छान उडतं, मुख्यतः जिन्यावरून.

मग एक-आसनी नॅटचं किट शोधलं. 1:48, एका छोट्या कंपनीचं. मोठ्या कंपन्यांच्या किटमध्ये दोन अर्धुकं एकमेकांत बसायला खुंट्या असतात. यात नाही. फ्रेमपासून भाग कापला की जाड बुडखा राहतो, तो तासायचा, आणि दोन भाग नजरेनं जुळवायचे. हे काम मला आवडलं. लोको शेडमध्ये चाळीस वर्षं गेली, जे सहज बसतं त्यावर माझा विश्वास नसतो.

तीन चाकांच्या विमानाच्या मॉडेलला एक खोड असते. नाकात वजन नसेल तर ते शेपटीवर बसतं, कुत्र्यासारखं. नॅटचं नाक इवलंसं, कॉकपिट अगदी पुढे, वजन घालणार कुठे? मासे धरणारे जाळ्याला शिशाच्या गोळ्या लावतात, त्या मी तापीकाठून आणल्या, हातोडीनं चपट्या केल्या आणि वैमानिकाच्या सीटखाली दाबून बसवल्या. त्याच्या बुडाखाली तापी आहे म्हणा.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात जळगाव-अमळनेरला एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारायची नळी, चालवणं म्हणजे रांगोळी उधळणं. पाण्यावरचा अ‍ॅक्रिलिक रंग नळीच्या टोकाशीच वाळतो, आणि जो उडतो तो प्लॅस्टिकपर्यंत पोचायच्या आत वाळून भुकटी होतो. हात फिरवला तर पृष्ठभाग कळण्याच्या भाकरीसारखा लागतो. वाळण्याचा वेग कमी करणारं द्रव्य घालायचं आणि पहाटे साडेचारला उठायचं, हाच उपाय. पण याच उन्हानं मला एकदा तारलं. किटमधली डीकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, जुनी होऊन पिवळी पडली होती. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवली. पिवळेपणा उन्हानं उडतो. थंड देशांतले लोक म्हणे आठवडेच्या आठवडे वाट बघतात. माझी तिसऱ्या दिवशी दुपारी दुधासारखी झाली होती.

रंगाचा वाद मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात शिरलेली माणसं परत येत नाहीत. 65 च्या युद्धात उतरली तेव्हा आपली पुष्कळ विमानं चांदीसारखी उघडी होती, घाईघाईनं रंग चढवले गेले. 71 पर्यंत पुष्कळांवर लपवणीचे पट्टे आले, पण फोटो बहुतेक काळे-पांढरे. हिरवा नेमका कोणता, हे त्यावरून ठरत नाही. आप्पांना विचारलं. म्हणाले, जो डबा उघडा असेल तो. मॉडेल करणारे आणखी एक करतात, रंगात थोडा पांढरा मिसळतात. छोटी वस्तू म्हणजे लांबून बघितलेली वस्तू, आणि लांबून रंग फिका दिसतो, हे त्यामागचं शास्त्र. शास्त्र बरोबर आहे. मी मात्र पांढरा घातला नाही. आप्पांनी हे विमान लांबून पाहिलंच नव्हतं. त्यांचं अंतर हातभर.

मॉडेल तयार झालं तेव्हा मी ते गावी घेऊन गेलो. आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानांनी फार कमी ऐकू येतं, ती नॅटच्या ऑर्फियस इंजिनाची पेन्शन. त्यांनी ते तळहातावर घेतलं, उलटं केलं, आधी पोट पाहिलं. मग म्हणाले, "झकास शे. पन हाई नवं शे. नवं इमान मी कधी दखंच नही."

मी परत आलो आणि इंटरनेटवर बघून ते जुनं केलं. हल्ली याची मोठी फॅशन आहे. स्पंजानं चांदीचे टिपके मारायचे म्हणजे रंग उडाल्यासारखा दिसतो, पॅनेलच्या रेषांत काळं पातळ रंगपाणी सोडायचं, तेलाचे ओघळ काढायचे. स्पर्धांत अशी विमानं बक्षिसं घेतात. मी हात सैल सोडला. दिवाळीत पुन्हा घेऊन गेलो. आप्पांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं माझ्या हातून काहीतरी घरगुती पाप घडलंय.

"हाई भंगार कोठलं शे?"

मी म्हटलं, आप्पा, वापरलेलं दाखवलंय.

"वापरेल आनि टाकी देयेल याम्हा फरक ऱ्हास. इतला रंग उडेल इमान मी लाइनवर जाऊ दिधं नसतं."

मंडळी, मी थिजलो. विमान उडायच्या आधी एक कागद असतो, फॉर्म 700. एअरफ्रेमवाला, इंजिनवाला, इलेक्ट्रिकवाला, तोफांवाला, प्रत्येकानं आपापलं तपासून त्यावर सही करायची, शेवटी वैमानिकानं करायची आणि मग तो चढतो. मी माझ्या हौसेपायी त्या पत्र्यावर जो प्रत्येक चांदीचा टिपका मारला, तो आप्पांच्या सहीवर मारला होता. आपल्याला वाटतं मळ म्हणजे खरेपणा. ज्यानं तो मळ रोज रात्री चिंधीनं पुसला, त्याच्या लेखी ती चहाडी आहे.

मग त्यांनी ओघळ पाहिले. हायड्रॉलिकचं तेल लालसर असतं, ते मी काळं दाखवलं होतं, ही एक चूक. दुसरी मोठी. मी सगळे ओघळ शेपटीकडे ओढले होते, वाऱ्यानं जावेत तसे. आप्पांनी बोटानं हवेत दोन रेषा काढल्या. "उभं ऱ्हास तव्हय तेल खाले गळस. उडस तव्हय मांगे जास." म्हणजे ओघळावरून कळतं, गळती जमिनीवर सुरू झाली की हवेत. जमिनीवरची असेल तर ती फिटरनं पकडायला हवी होती. हवेतली असेल तर खाली उतरल्यावर पहिलं काम तेच. हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. सापडलंही असतं, पण मी पुस्तकांत वैमानिकांचे फोटो बघत होतो.

तेव्हा मी जवळजवळ सगळा रंग खरवडून काढला. आता जे समोर आहे त्यावर उडालेला रंग फार थोडा. ठिगळं आहेत. जिथं रंग गेला तिथं पुन्हा लावलेला, आजूबाजूच्यापेक्षा किंचित गडद, ब्रशनं, चौकोनी. कॉकपिटच्या काठाला ती जास्त आहेत, तिथं चढता-उतरताना बूट आणि हत्यारं लागत. पोटावर एकच लालसर ओघळ, सरळ खाली. पुसल्यानंतर राहतो तेवढा. आणि झाकणं उघडी आहेत. स्पर्धेत विमान बंद ठेवतात, आकार स्वच्छ दिसतो म्हणून. मी चार झाकणं कापून उघडी केली, आत तांब्याच्या तारेच्या नळ्या ओढल्या, कारण आप्पांचं नॅट बंद कधी नव्हतंच. बंद झालं की ते त्यांचं राहत नसे, दुसरा कोणी घेऊन जायचा. नॅट बुटकं असल्यानं शिडीशिवाय बऱ्याच ठिकाणी हात पोचायचा, ते त्यांना अजून कौतुकानं आठवतं.

एक अडचण उरली. नंबर. आपल्या नॅटवर 'आयई' ही अक्षरं आणि पुढे आकडे असत. आप्पांना आकडे आठवत नाहीत. मी खोदून विचारलं, त्यांनी प्रामाणिकपणे मान हलवली. बोयऱ्यावरच्या चारपैकी एखादा नंबर टाका, असं एका मित्रानं सुचवलं. लोकांना आवडेल, म्हणाला. आवडलं असतं. पण तो हार आप्पांनी एकदा मारुतीला घातला होता, तो मी पुन्हा त्यांच्या गळ्यात कशाला घालू? म्हणून मी 'आयई' एवढंच लावलं आणि जिथं आकडे येतात तिथं, विमानाला खेटून, एक माणूस उभा केला. पाच फूट सहा इंच, भागिले 48, साडेतीन सेंटिमीटर. पुट्टीचा. पाठ आपल्याकडे, तोंड पत्र्याकडे, एक हात वर. त्याच्यामागे काय लिहिलंय ते दिसत नाही.

हे गेल्या महिन्यात आप्पांना दाखवलं. त्यांनी विमान बाजूला ठेवलं आणि तो माणूस भिंगाखाली धरला. बराच वेळ बघत होते. मी म्हटलं आता डोळ्यांत पाणी येणार.

"याना हातमा पाना कसाले दिधा?" म्हणाले. "हाऊ एअरफ्रेमवाला शे. याले स्क्रूड्रायव्हर दे."

तो परवा बदलला. रंग अजून ओला आहे, तेव्हा जवळ येऊन बघा, भिंग ठेवलंय, पण त्या माणसाला हात लावू नका.