ओटीपी कुणाच्या खिशात वाजतो?

मंडळी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात ३३.३ टक्के निघाल्या, पुरुष ५७.१ टक्के. या आकड्यावर बोलणं खूप होतं. पण घरात फोन असला तरी ओटीपी कुणाच्या खिशात वाजतो, हे कुणी विचारत नाही.

म्हणून बचत गटाच्या ताईंनी बायकांना फोन-संगणक शिकवायच्या शिबिराच्या पहिल्या दिवशी संगणकाला हातच लावू देऊ नये. प्रत्येकीच्या वहीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात : सिम कुणाच्या नावावर, आधारला कोणता नंबर, बँकेत कोणता, आणि तो चालू आहे का. बऱ्याचदा आधारला दिराचा नंबर, बँकेत नवऱ्याचा आणि हातात तिसराच असतो. आधी तिच्या नावावर सिम, मग आधार केंद्रावर नंबर बदलणं, मग बँकेच्या शाखेत अर्ज, आणि सगळ्यात शेवटी यूपीआय. हा क्रम मोडला की गाडी अडते. डेबिट कार्ड नसेल तर यूपीआयचा पिन आधारच्या ओटीपीवर काढता येतो, पण त्यासाठी आधारचा आणि बँकेचा नंबर एकच लागतो.

यूपीआयच्या नोंदणीच्या वेळी ॲप त्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस पाठवतं. रिचार्ज नुसता डेटाचा असेल तर तो जात नाही. दोन सिमच्या फोनात भलतंच सिम निवडलं जातं. पडद्यावर काहीतरी लाल अक्षरात येतं आणि बाई म्हणते, ‘मला नाही जमत बाई.’ अडलेला असतो एसएमएस, दोष ती स्वतःला देते! शिकवणाऱ्यानं तिथे फोन हातातून ओढून घेऊ नये. बोट तिचंच चालू द्यावं.

नवं सिम कपाटात पडून राहिलं तर तेही जातं. ९० दिवस काहीच वापर नाही आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली, तर नंबर बंद होऊ शकतो. पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो, आणि तिचे ओटीपीही त्याच्याकडे. आणखी एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर : पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

वर्गाची वेळ शेतीला विचारून ठरवा. नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीत द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, पुढे काढणी. तेव्हा बायका बागेतच. तिकडे जुलै-ऑगस्ट बरा. सुरगाणा-पेठेत मात्र जुलैत भाताची आवणी असते, तिथे हेच वेळापत्रक चालवलं तर खुर्च्या रिकाम्या.

आता नोकरीचं. प्रमाणपत्रं पुष्कळ वाटली जातात, पण फोनवर शिकलेली मुलगी स्प्रेडशीटच्या सूत्राशी अडते. तिला रोज तासभर खरा कीबोर्ड हवा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत व्हीएमसी मशीनवर (प्रोग्रॅमवर चालणारं धातू कापायचं यंत्र) जायचं तर ड्रॉइंग वाचणं आणि मायक्रोमीटरनं ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजणं आधी, प्रोग्रॅम नंतर. टूलच्या लांबीच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला भरून दिलेल्या लांबीच्या आकड्यात, दशांशचिन्ह चुकलं की टूल थेट जॉबवर (कापायच्या तुकड्यावर) आदळतं. म्हणून नवा प्रोग्रॅम सिंगल ब्लॉकवर, एकेक ओळ चालवून बघायचा. हे काम ताकदीचं नाही, नजरेचं आहे. तरी मुली गळतात त्या बहुतेक दुसऱ्या शिफ्टला. शिफ्ट सुटल्यावर कंपनीची गाडी घरापर्यंत येते की नाक्यापर्यंत, हे मुलाखतीतच विचारून घ्या.