शुभारंभाला बदली कलाकार

नमस्कार श्रोतेहो.

शुभारंभाचा प्रयोग रात्री ८ वाजता, आणि दुपारी ३ वाजता कळतं की मुख्य नटाचा आवाज पार बसलाय. त्याच्या जागी बदली कलाकार उभा राहणार. प्रेक्षकांना वाटतं, त्याची तयारी असेलच. त्यासाठीच तर त्याला घेतलंय. पण पहिल्याच प्रयोगाला त्याची तयारी सर्वांत कच्ची असते. व्यावसायिक रंगभूमीवरसुद्धा बदली कलाकारांच्या स्वतंत्र तालमी बहुधा नाटक उघडल्यावरच सुरू होतात. शेवटच्या आठवड्यात दिग्दर्शक वाक्यं कापत असतो, हालचाली बदलत असतो, नेपथ्य नुकतंच उभं राहिलेलं असतं. जे अजून ठरलेलंच नाही, ते दुसऱ्याला बसवून देणार कसं?

२८ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात नामवंत गायक फ्रँको कोरेल्लीच्या जागी तरुण गायक प्लासिदो दोमिंगो जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाच्या सूचनेवर गायला, हा किस्सा नेहमी सांगितला जातो. त्यातली एक गोष्ट मात्र हमखास गळते. तीच भूमिका त्याच मंचावर दोमिंगो काही दिवसांनी गाणारच होता. म्हणजे भूमिका गळ्यात बसलेली होती, फक्त तारीख अलीकडे आली.

तेव्हा बदली कलाकाराचं खरं काम तालमीच्या काळातच होतं, प्रेक्षागृहात मागच्या रांगेत बसून. त्याच्या प्रतीत संवादाच्या समोरचं पान कोरं हवं. त्यावर पेन्सिलीनं लिहायचं: कोणत्या शब्दावर उठतो, कोणत्या बाजूला वळतो, पेला कोणत्या हातात आहे. पेन्सिलीनंच, कारण उद्या ते बदलणार. डावं-उजवं नेहमी मंचावरच्या नटाच्या बाजूनं लिहावं. प्रेक्षागृहातून पाहताना सगळं उलटं दिसतं आणि चुकीच्या विंगेतली एंट्री नेमकी यातून घडते. रोज तालीम संपली की त्या दिवशीची काटछाट प्रॉम्प्टरच्या, म्हणजे विंगेतून विसरलेलं वाक्य सांगणाऱ्याच्या, प्रतीवरून उतरवून घ्यायची. जुनी प्रत पाठ असणं काहीच पाठ नसण्यापेक्षा वाईट, कारण कापलेलं वाक्य तो ठासून म्हणतो आणि समोरचा गोंधळतो. स्वतःच्या वाक्यांइतकेच समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्दही पाठ हवेत. सुरुवात त्यांच्यावरच उचलायची असते.

आता ते पाच तास. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे पूर्ण नाटकाची तालीम घेणं. अडीच तास जातात, आवाज दमतो, आणि अवघड जागा एकदाच होतात. त्यापेक्षा संवाद गाळून फक्त जोखमीच्या जागा घ्याव्यात: एंट्री आणि एक्झिट, अंधारातल्या हालचाली, मारामारी, कुणाला उचलणं, गाणी, भरभर कपडे बदलण्याच्या जागा. मारामारी आधी संथ, मग निम्म्या वेगानं, मग पूर्ण वेगानं. वेळ पुरला नाही तर ती सोपी करून टाकावी. तिथे धाडस दाखवण्यात काही शहाणपण नाही. गाण्याची पट्टी जमत नसेल तर ते याच वेळी वादकांना सांगायला हवं.

कपडे आधी, पाठांतर नंतर, असं आम्ही आग्रहानं सांगतो. शिलाई चालू असताना पाठांतर होऊ शकतं, उलटं होत नाही. मुख्य नटाचा पोशाख कापायचा नाही. जादा कापड आत दुमडून मोठ्या धावदोऱ्यानं कच्चे टाके घालायचे, म्हणजे उद्या ते उसवता येतात. नुसत्या पिनांवर भरवसा नको, वाकताना त्या सुटतात. बूट शक्यतो स्वतःचेच, आणि जिन्यावरून एकदा खरोखर चढून-उतरून पाहायचे.

प्रकाशाकडे कुणाचं लक्ष जात नाही. स्पॉट मुख्य नटाच्या उंचीला लावलेला असतो. बदली कलाकार चार बोटं उंच असेल आणि पावलभर मागे उभा राहिला, तर छाती उजळते आणि चेहरा काळोखात जातो. जमिनीवर चिकटपट्टीची खूण करावी, तिथे त्याला उभं करून प्रकाशयोजनाकारानं पाहावं. माइकसाठी त्याच्याकडून सर्वांत मोठ्या आवाजातलं आणि सर्वांत हळू, अशी दोन वाक्यं म्हणवून घ्यावीत. नुसतं ‘एक, दोन, तीन’ म्हणून काही कळत नाही.

प्रॉम्प्टरशी एक खूण ठरवायची, उदाहरणार्थ बोटानं मनगट धरणं. खूण दिसली की वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द लगेच आणि स्पष्ट द्यायचे. पुटपुटलेलं प्रॉम्प्टिंग प्रेक्षकांना ऐकू येतं, नटाला येत नाही. लांब पत्र किंवा यादी वाचायची असेल तर ती खरोखरच कागदावर लिहून ठेवावी. बाकी पानं टेबलावर पसरू नयेत, नजर खाली जाते ती वर येत नाही.

सहकलाकारांनी त्या रात्री काहीही नवं करू नये. दोन वाक्यं गळली तर त्यातली माहिती प्रश्नात घालून पुढे जावं: ‘म्हणजे तू कालच घर सोडलंस?’ प्रेक्षकांना धागा मिळतो आणि नटालाही. मुख्य नटाची हुबेहूब नक्कल मात्र त्याच्याकडून मागू नये. जागा, वेग आणि इतरांना लागणारे शब्द तेच हवेत. उच्चाराची लकब त्याची त्याला राहू द्या.

तिसऱ्या घंटेच्या अर्धा तास आधी सगळ्या सूचना बंद. दिग्दर्शकालाही हे कुणीतरी सांगावं लागतं! प्रेक्षकांना बदल आधीच जाहीर करावा, एका वाक्यात, माफी न मागता.

आणि एक राहतंच. बदली कलाकार बहुधा समूहातलाच असतो, म्हणजे त्याची छोटी भूमिका रिकामी पडते. ते तबक आत कोण आणणार, खुर्ची कोण हलवणार, हे नावानिशी लिहून विंगेत लावा. शेवटच्या अभिवादनाची रांगही एकदा उभी करून पाहा, नाहीतर तो सवयीनं कडेला जाऊन उभा राहतो आणि मधली जागा मोकळी राहते.