हाडातून मेंदूकडे

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. पालथा झोपलेला रुग्ण, डॉक्टरांचे हातमोजे घातलेले हात.)

कमरेच्या मागे जिथे हाडाचा कंगोरा हाताला लागतो, तिथली कातडी बधिर करतात आणि जाड सुई थेट हाडात उतरवतात. सिरिंजमध्ये दाट, लालभडक द्रव येतो. ही अस्थिमज्जा. दवाखान्यात सगळे हिला बोन मॅरोच म्हणतात.

रक्त घडवणाऱ्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात अशा पेशी, इथेच असतात. त्यांच्या भरवशावर रक्ताच्या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण आज हिंडते-फिरते आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. या उपचाराबद्दल कुणाचा वाद नाही.

वाद आहे तो मज्जेतल्या दुसऱ्या पेशींबद्दल. या मेसेंकायमल स्टेम सेल. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारावर त्यांचा इलाज करतो, अशा जाहिराती खासगी क्लिनिक करतात. दहा हजार ते एक लाख पेशींमागे अशी एखादीच सापडते. सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी त्या प्रथम ओळखल्या. या पेशी प्लास्टिकच्या बशीला चिकटून वाढतात, त्यांच्यापासून हाड होतं, कूर्चा होते, चरबी होते. मग मेंदूही का होऊ नये?

(दृश्य: प्रयोगशाळेतले उंदीर.)

डिसेंबर २००० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. उंदरांना दिलेल्या बोन मॅरोतल्या पेशी त्यांच्या मेंदूत सापडल्या, आणि त्यांच्यावर चेतापेशींच्या खुणा होत्या. केवढी खळबळ उडाली! पण दोन-तीन वर्षांतच दुसरी बाजू पुढे आली. बाहेरून आलेली पेशी मेंदूतल्या मूळ पेशीशी एकजीव होऊ शकते, आणि मग आपल्याला वाटतं की नवी चेतापेशी तयार झाली. शास्त्रज्ञ तिथून पुढे सरकले. जाहिराती मात्र अजून २००० सालातच आहेत: ‘मृत पेशींच्या जागी नव्या पेशी’.

आणि समजा, खरोखर नवी चेतापेशी मेंदूत रुजली. सून घरात आली त्या दिवसाची आठवण तिच्यात कुठून असणार? ती होती साठ-सत्तर वर्षांत पेशीपेशींमध्ये विणल्या गेलेल्या जोडण्यांत. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचतात, चेतापेशी मरतात आणि त्या जोडण्याच तुटत जातात.

मग आजचे संशोधक या पेशींकडून नेमकी काय अपेक्षा ठेवतात? एवढीच, की त्या काही रसायनं सोडतील, त्यामुळे मेंदूतला दाह शमेल, रक्तवाहिन्यांची तब्येत सुधारेल आणि ऱ्हासाचा वेग थोडा उतरेल.

त्यातही अडचण आहे. शिरेतून सोडलेली पेशी हृदयातून आधी फुफ्फुसात जाते. तिथल्या केशवाहिन्यांतून लाल रक्तपेशी जेमतेम एका रांगेत जातात. या स्टेम सेल तर त्यांच्या दुपटीहून मोठ्या. बहुतेक तिथेच अडकतात आणि काही दिवसांत संपतात. मेंदूपर्यंत पोहोचतो तो बहुधा त्यांचा निरोप.

दक्षिण कोरियात सोलच्या सॅमसंग मेडिकल सेंटरमधल्या डॉक्टरांनी मधला रस्ताच टाळला. नाळेच्या रक्तातल्या पेशी त्यांनी शस्त्रक्रियेनं थेट मेंदूत सोडल्या. रुग्ण होते नऊ. निष्कर्ष २०१५ मध्ये आले: प्रक्रिया सुरक्षित, पण स्मृतीची घसरण थांबली नाही.

(दृश्य: मायामी. समुद्रकिनारी उंच इमारती. मग गोठवलेल्या कुप्या.)

बोन मॅरोच्या पेशींची सध्याची सगळ्यात गांभीर्यानं घेण्याजोगी चाचणी अमेरिकेतली. मायामीच्या लाँगेव्हेरॉन कंपनीनं तरुण, निरोगी दात्यांच्या मज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. सौम्य अल्झायमरच्या ४९ रुग्णांचे चार गट केले. कुणाला एका वेळी अडीच कोटी पेशी, कुणाला दहा कोटी, आणि एका गटाला पेशी नसलेलं नुसतं द्रावण. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापून आले. मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा होता आणि त्याचं उत्तर चांगलं आलं. मेंदू आकसण्याचा वेगही उपचार घेतलेल्यांमध्ये कमी दिसला. आशा वाटावी असंच हे आहे. पण एका गटात जेमतेम बारा-तेरा माणसं, आणि जास्त पेशी दिल्या म्हणून जास्त गुण आला असंही सरळ दिसलं नाही. एफडीए या अमेरिकेतल्या औषध नियामक संस्थेनं २०२४ मध्ये या उपचाराचं परीक्षण लवकर व्हावं म्हणून सवलत दिली. ती विक्रीची परवानगी नव्हे.

आता याच्या शेजारी खासगी क्लिनिकचं ‘एका दिवसात थेरपी’ ठेवून पाहा. सकाळी आजोबांच्या कमरेतून मज्जा काढली, यंत्रात फिरवली, दुपारी त्यांनाच टोचली. वाढवायला वेळच दिला नाही, म्हणजे त्यात या पेशी असणार हजारांत. मायामीत कोटींनी दिल्या. शिवाय या पंचाहत्तरीच्या शरीरातल्या, वयानं थकलेल्या. नाव दोन्हीकडे एकच, ‘बोन मॅरो स्टेम सेल’. वस्तू वेगळी आहे, आणि मायामीचा निष्कर्ष या क्लिनिकच्या पत्रकावर छापणं ही सरळ फसवणूक आहे, असं आम्हाला वाटतं.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. म्हणजे गिऱ्हाईक भरपूर, आणि तेही हतबल. वडील रात्री दोनला उठून ‘मला घरी सोडा’ म्हणतात, तेव्हा घरातलं माणूस कोणतीही रक्कम उभी करायला तयार होतं. त्याला भोळा म्हणणं सोपं आहे.

नियम मात्र स्पष्ट आहे. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर रुग्णावर स्टेम सेल वापरणं हा प्रयोगच. तो मंजूर चाचणीतच करायचा. अशी चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. तेव्हा डॉक्टरांकडे आधी नोंदणी क्रमांक मागा, घरी येऊन तो नोंदवहीत तपासा, आणि आगाऊ रक्कम भरायला सांगितली तर ती कशाची, हे लेखी घ्या. चाचणीतल्या उपचाराचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही.